“ला जेन्ते” म्हणजे लोक, पण क्रियापद एकवचनी: इटालियनमधली समूहवाचक नामं आणि त्यांचा अन्वय

मराठीत आपण “लोक म्हणतात” असं म्हणतो. इटालियनमध्ये तेच “ला जेन्ते दीचे” होतं, म्हणजे क्रियापद एकवचनात. “ला जेन्ते दीकोनो” असं अनेकवचन लिहिलं की शाळेतल्या वहीत लाल रेघ ठरलेली. मराठीभाषक विद्यार्थी इथे दोन बाजूंनी अडकतो. त्याच्या मराठीत “लोक” अनेकवचनी आहे, आणि ज्या इंग्रजीतून तो बहुधा इटालियन शिकतो त्या इंग्रजीत “पीपल” आणि “पोलीस” हे दोन्ही शब्द अनेकवचनी चालतात. इटालियन मात्र शब्दाच्या रूपाकडे बघते, त्यामागे माणसं किती आहेत ते मोजत नाही. जिथे ती माणसं मोजायला लागते अशा जागा मोजक्याच आहेत, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यांच्यावरच खर्च होणार आहे.

लेखनाबद्दल आधी थोडं. इटालियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. “आहे” या अर्थाचा “ए” आणि “आणि” या अर्थाचा “ए” इथे सारखेच दिसतील. इटालियन लिखाणात पहिल्यावर तिरकी खूण असते, दुसऱ्यावर नसते. “त्याने/तिने केलं आहे” मधला सहायक “आ” (अनेकवचन “आन्नो”) लिहिताना सुरुवातीला मुका “एच” येतो, तो उच्चारत नाहीत.

शेवटचा स्वर आणि त्यातला सापळा

पुल्लिंगी एकवचनाला ओ, स्त्रीलिंगी एकवचनाला आ, पुल्लिंगी अनेकवचनाला ई, स्त्रीलिंगी अनेकवचनाला ए, हे चार स्वर पहिल्या महिन्यात पाठ होतात: आर्रिवातो, आर्रिवाता, आर्रिवाती, आर्रिवाते (आला, आली, आले, आल्या). गडबड होते ती ए ने संपणाऱ्या एकवचनी शब्दांपाशी. “जेन्ते” स्त्रीलिंगी एकवचन आहे, पण शेवटचा ए बघून विद्यार्थी त्याला स्त्रीलिंगी अनेकवचन समजतो आणि “ले जेन्ते” लिहितो. “क्लास्से” (वर्ग, स्त्रीलिंगी), “बेस्त्यामे” (गुरंढोरं, पुल्लिंगी), “पेर्सोनाले” (कर्मचारीवर्ग, पुल्लिंगी) आणि “ग्रेज्जे” (मेंढरांचा कळप, पुल्लिंगी) यांचंही तसंच. म्हणून समूहाचं नाव नेहमी उपपदासकट पाठ करावं: ला जेन्ते, ला क्लास्से, इल बेस्त्यामे, इल पेर्सोनाले, इल ग्रेज्जे. उपपद माहीत असलं की वचन आणि लिंग दोन्हींचा प्रश्न मिटतो. (ग्रेज्जे जरा लहरी आहे. एकवचनात पुल्लिंगी, पण अनेकवचनात बहुतेक वेळा स्त्रीलिंगी होऊन “ले ग्रेज्जी” होतं. सुरुवातीला ते नुसतं ओळखता आलं तरी पुरे.)

समूह एकटा उभा असेल तर

समूहाच्या नावापुढे “दी” (चा/ची/चे) लावून दुसरं अनेकवचनी नाम आलेलं नसेल, तर क्रियापद एकवचनीच. लेखनात यातून पळवाट नाही.

“ला स्क्वाद्रा आ विन्तो”, संघ जिंकला. “ला पोलित्सीआ ए आर्रिवाता”, पोलीस आले. “इल पूब्लिको आ आप्प्लाउदीतो”, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. “ला फोल्ला ए ऊशीता”, गर्दी बाहेर पडली. “ला मीआ फामील्या स्ता बेने”, माझ्या घरचे बरे आहेत. विशेषणंही त्याच ओळीत येतात: खूप लोक म्हणजे “मोल्ता जेन्ते”, सगळे लोक म्हणजे “तुत्ता ला जेन्ते”, किती लोक म्हणजे “क्वान्ता जेन्ते”. “मोल्ते जेन्ती” लिहिलं तर अर्थच बदलतो. अनेकवचनी “ले जेन्ती” म्हणजे निरनिराळे मानवसमूह किंवा राष्ट्रं, आणि तो शब्द पुस्तकी आहे.

मराठीतून विचार करताना आधार हवा असेल तर “लोक” बाजूला ठेवून “जनता” धरावा. जनता म्हणते, जनता आली, सगळी जनता: लिंग, वचन, विशेषण, सगळं “जेन्ते”सारखं. “मंडळी”वर मात्र विसंबू नये. “मंडळी जमली” म्हणताना ती एकवचनी वाटते, पण “मंडळी म्हणतात” म्हणताना आपण तिला सर्रास अनेकवचनात घालतो.

याच अर्थाचे काही शब्द खरोखर अनेकवचनी आहेत, ते वेगळे ओळखायला हवेत. पोलीस म्हणजे “ला पोलित्सीआ”, एकवचन. पण “ई काराबिन्येरी” (लष्करी पोलीसदल) अनेकवचनी, म्हणून “ई काराबिन्येरी सोनो आर्रिवाती”. इटलीचा फुटबॉल संघ “ला नात्स्योनाले” म्हटला तर “आ विन्तो”, पण निळ्या जर्सीवरून पडलेलं त्याचं लाडकं नाव “ल्यी आद्झुर्री” वापरलं तर “आन्नो विन्तो”. 1982 आणि 2006 चे विश्वचषक इटलीने जिंकले हे सांगताना इटालियन वृत्तपत्रं दोन्ही रूपं वापरतात, आणि प्रत्येक वेळी क्रियापद त्या त्या शब्दाप्रमाणे बदलतं. क्लबांची नावं एकवचनी असतात, पण लिंग पाठच करावं लागतं: ला युवेन्तुस, ला रोमा, ला लात्स्यो, ल’इन्तेर स्त्रीलिंगी, इल मीलान, इल नापोली, इल तोरीनो पुल्लिंगी. त्यामुळे “ला रोमा ए पार्तीता” पण “इल नापोली ए पार्तीतो”. अमेरिका म्हणजे “ल्यी स्ताती ऊनीती”, अनेकवचन. “आई-बाबा” या अर्थाने बोलताना नुसतं “ई म्येई” म्हणतात, तेही अनेकवचन: “ई म्येई स्तान्नो बेने”.

मराठीतलं आदरार्थी अनेकवचन इथे कुठेच चालत नाही. सर आले म्हणजे “इल प्रोफेस्सोरे ए आर्रिवातो”. “सोनो आर्रिवाती” म्हटलं की ऐकणारा दारात आणखी कोण आहे ते बघायला लागेल.

भूतकाळ: सहायक कोणाकडे बघतो, कृदंत कोणाकडे बघतं

हा भाग सावकाश वाचावा, कारण मराठीचा कर्मणी प्रयोग इथे आपल्याला चुकीच्या दिशेला ओढतो.

जाणं, येणं, निघणं, परतणं, उरणं अशी क्रियापदं “एस्सेरे” (असणं; रूपं ए, सोनो) हा सहायक घेतात, आणि त्यांचं कृदंत (आर्रिवातो, तोर्नातो असं क्रियापदाचं भूतकाळी रूप) कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. म्हणून ला स्क्वाद्रा ए तोर्नाता, इल ग्रुप्पो ए तोर्नातो.

बाकीची बहुतेक क्रियापदं “आवेरे” (जवळ असणं; रूपं आ, आन्नो) घेतात. त्यात सहायक कर्त्याप्रमाणे बदलतो आणि कृदंत ओ वर थिजलेलं राहतं. “पोलिसांनी दोन चोर पकडले” यात आपलं “पकडले” चोरांशी जुळतं. त्या सवयीने विद्यार्थी “ला पोलित्सीआ आ आर्रेस्ताती दूए लाद्री” लिहितो. आजच्या इटालियनमध्ये “ला पोलित्सीआ आ आर्रेस्तातो दूए लाद्री” हवं. कर्म क्रियापदानंतर येत असेल तर कृदंताने त्याच्याकडे बघायचं नाही.

मात्र तेच कर्म “त्यांना” या सर्वनामाच्या रूपात क्रियापदाच्या आधी आलं की कृदंत जागं होतं: “ली आ आर्रेस्ताती”, त्यांना पकडलं. आता “आ” एकवचनी आहे कारण कर्ता पोलित्सीआ, आणि “आर्रेस्ताती” अनेकवचनी आहे कारण आधी “ली” आलं. एकाच क्रियापदाचे दोन तुकडे दोन वेगळ्या शब्दांशी जुळलेले आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. समूह स्वतः कर्म असेल तर तो एकवचनातच: संघ बघितलास का? हो, “ल’ओ विस्ता”. इथे “ली ओ विस्ती” म्हटलं तर तुम्ही खेळाडूंबद्दल बोलताय असं होईल.

“दी” आणि पुढे अनेकवचन: खरी गुंतागुंत

“ऊन ग्रुप्पो दी स्तुदेन्ती”, विद्यार्थ्यांचा एक गट. क्रियापद गटाशी जुळवायचं की विद्यार्थ्यांशी? इटालियनमध्ये दोन्ही घडतं. गटाशी जुळवणं व्याकरणाप्रमाणे, विद्यार्थ्यांशी जुळवणं अर्थाप्रमाणे. दुसऱ्या प्रकाराला इटालियन वैयाकरण “कोन्कोर्दान्त्सा आ सेन्सो” म्हणतात, म्हणजे अर्थानुसारी अन्वय, आणि तो जुन्या लिखाणातही सापडतो. निर्णय कसा घ्यायचा ते क्रमाने बघू.

पहिली पायरी: मुख्य शब्द पुडक्यासारखा आहे की मापासारखा, ते ठरवा. ग्रुप्पो, स्क्वाद्रा, फोल्ला, ग्रेज्जे, स्तोर्मो (पक्ष्यांचा थवा), कोप्प्या (जोडपं) ही पुडकी: त्यांना स्वतःची कड आहे, ती एकत्र हलतात. तिथे एकवचन घ्या. “ऊनो स्तोर्मो दी रोन्दिनी ए पास्सातो”, पाकोळ्यांचा थवा गेला. याउलट “ऊना वेन्तीना दी” (वीसेक), “ऊन पायो दी” (एकदोन), “ऊन साक्को दी” (ढीगभर), “ला माज्जोर पार्ते दी” (बहुतेक), “ला मेता दी” (निम्मे) ही नुसती मापं आहेत. मनात चित्र उमटतं ते “दी”नंतरच्या नामाचं, म्हणून तिथे अनेकवचन मोकळेपणाने चालतं.

एकच शब्द दोन्हीकडे असू शकतो. “ऊन पायो दी स्कार्पे कोस्ता चेन्तो एउरो”, बुटांचा एक जोड शंभर युरोला. जोड हे पुडकं आहे, क्रियापद एकवचनी. “ऊन पायो दी आमीची मी आन्नो आयुतातो”, एकदोन मित्रांनी मला मदत केली. इथे जोड वगैरे काही नाही, नुसता अंदाज आहे, म्हणून अनेकवचन.

दुसरी पायरी: मुख्य शब्दाला स्वतःचं विशेषण किंवा निश्चित उपपद आहे का ते बघा. “इल ग्रुप्पो दी स्तुदेन्ती” (तो ठरावीक गट) किंवा “ऊन फोल्तो ग्रुप्पो दी तिफोसी” (समर्थकांचा मोठा घोळका) म्हटलं की वजन गटावर पडतं. एकवचन लिहा: “ऊन फोल्तो ग्रुप्पो दी तिफोसी आ इन्वाझो इल काम्पो”, मैदानात घुसला.

तिसरी पायरी: क्रियापद आधी आलंय की नंतर? आधी आलं असेल तर एकवचन जास्त नैसर्गिक वाटतं, कारण त्याच्या लगेच पुढे समूहाचाच शब्द येतो: “ए आर्रिवातो ऊन ग्रुप्पो दी तुरीस्ती”. कर्ता आणि क्रियापद यांच्यात जितकं अंतर वाढेल तितकं बोलणारा अनेकवचनाकडे झुकतो.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. एकदा वचन निवडलं की सहायक, कृदंत आणि विशेषण तिघांनाही तेच द्यायचं. केबल कार अडकल्याच्या बातमीतलं एक साधं वाक्य घेऊ: जर्मन पर्यटकांचा एक गट अडकून पडला.

“ऊन ग्रुप्पो दी तुरीस्ती तेदेस्की ए रिमास्तो ब्लोक्कातो.” बरोबर.
“ऊन ग्रुप्पो दी तुरीस्ती तेदेस्की सोनो रिमास्ती ब्लोक्काती.” हेही चालेल, जरा सैल.
“ऊन ग्रुप्पो दी तुरीस्ती तेदेस्की ए रिमास्तो ब्लोक्काती.” चूक. सहायक आणि पहिलं कृदंत गटाकडे, शेवटचं पर्यटकांकडे.

“तेदेस्की” (जर्मन) तिन्ही वाक्यांत अनेकवचनीच आहे, कारण जर्मन आहेत ते पर्यटक. त्याचा क्रियापदाशी संबंध नाही. विद्यार्थी हे विशेषण अनेकवचनी दिसलं म्हणून पुढचंही तसंच करतो, आणि तिसरं वाक्य तयार होतं.

मुलींचा गट असेल तर लिंगाची भर पडते: “ऊन ग्रुप्पो दी रागात्से ए आर्रिवातो” किंवा “सोनो आर्रिवाते”. “ए आर्रिवाता” हे मधलं रूप मात्र कोणाशीच जुळत नाही. वचन गटाचं घेतलं तर लिंगही गटाचं, मुलींचं घेतलं तर दोन्ही मुलींचं.

“ला माज्जोर पार्ते”ची गोष्ट थोडी निराळी. “बहुतेक विद्यार्थी आले” यासाठी “ला माज्जोर पार्ते देल्यी स्तुदेन्ती ए आर्रिवाता” आणि “सोनो आर्रिवाती” दोन्ही शुद्ध. भाषेच्या शंकांसाठी इटालियन लोक ज्या संस्थेकडे बघतात ती फ्लोरेन्सची, 1583 पासूनची आकादेम्या देल्ला क्रूस्का दोन्ही रूपं मान्य करते. पण पुढे “दमलेले होते” असं व्यक्तीला लागू पडणारं विशेषण आलं, तर “एरा स्तान्का” (पार्ते स्त्रीलिंगी म्हणून) व्याकरणाने बरोबर असूनही कानाला विचित्र लागतं. मुलगे दमले होते आणि विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी! तिथे “एरानो स्तान्की” लिहावं. त्याहून बरी युक्ती म्हणजे वाक्यच बदलणं: “क्वाझी तुत्ती ई रागात्सी एरानो स्तान्की”, जवळजवळ सगळे मुलगे दमले होते. “क्वाझी तुत्ती” आणि “मोल्ती” हे शब्द उघड अनेकवचनी आहेत, त्यांच्याबाबत वाद नाही. सिएनाची चील्स किंवा पेरुजाची चेली अशा लेखी परीक्षेत शंका आली तर एकवचन लिहावं, आणि ते विचित्र वाटलं तर या युक्तीने बाहेर पडावं.

“ऊन साक्को दी”नंतर “जेन्ते” आलं तर कृदंत जेन्तेचं ऐकतं: “ऊन साक्को दी जेन्ते ए वेनूता”. इथे “साक्को” हे खरं पोतं नाही, त्यामुळे त्याचं पुल्लिंग कोणी धरत नाही. नंतर “पेर्सोने” असेल तर “सोनो वेनूते”.

“के” ने सुरू होणारं पोटवाक्य असेल तर तिथे अन्वय नव्याने ठरवायचा. “ऊन ग्रुप्पो दी स्तुदेन्ती के पार्लानो मराठी”: मराठी बोलतात ते विद्यार्थी, म्हणून अनेकवचन. “ऊन ग्रुप्पो दी स्तुदेन्ती के सी र्‍यूनीशे ओन्यी लुनेदी”: दर सोमवारी भरतो तो गट, म्हणून एकवचन. मुख्य वाक्याचं क्रियापद यातल्या कशालाही बांधील नाही. “ऊन ग्रुप्पो दी स्तुदेन्ती के पार्लानो मराठी ए आर्रिवातो आ मिलानो” यात एक अनेकवचन आणि एक एकवचन आहे, आणि वाक्य निर्दोष आहे. “मोजक्या लोकांपैकी एक” या रचनेत मात्र पोटवाक्य अनेकवचनी ठेवायचं: “ऊनो देई पोकी के पार्लानो मराठी”.

अंदाजाचे आकडे आणि टक्के

देचीना (दहाएक), दोद्झीना (डझन), क्विन्दिचीना, वेन्तीना, त्रेन्तीना, चिन्क्वान्तीना: सगळी स्त्रीलिंगी. शंभरेक म्हणजे “ऊन चेन्तिनायो”, हजारेक म्हणजे “ऊन मिल्यायो”, दोन्ही पुल्लिंगी. पण शेकडो म्हणजे “चेन्तिनाया” आणि हजारो म्हणजे “मिल्याया”, ही रूपं स्त्रीलिंगी अनेकवचनी. त्यामुळे क्रियापद अनेकवचनी हवंच. कृदंताचं लिंग नेहमीच्या वापरात “दी”नंतरच्या नामावरून ठरतं: “चेन्तिनाया दी तुरीस्ती सोनो आर्रिवाती”, “मिल्याया दी पेर्सोने सोनो आर्रिवाते”.

टक्केवारीला पुल्लिंगी उपपद लावतात आणि ते आकड्याच्या उच्चारावर ठरतं: इल 60 पेर चेन्तो, पण ल’8, ल’11 आणि ल’80, कारण ओत्तो, उन्दिची, ओत्तान्ता स्वराने सुरू होतात, आणि लो 0,5, कारण शून्य म्हणजे “द्झेरो”. टक्क्यानंतर अनेकवचनी नाम असेल तर दोन्ही चालतं: “इल 60 पेर चेन्तो देल्यी स्तुदेन्ती लावोरा” किंवा “लावोरानो”. नंतर “ला पोपोलात्स्योने” (लोकसंख्या) असा एकवचनी शब्द असेल तर अनेकवचनाला जागाच नाही.

फळं, पास्ता, सरपण

बाजारात आणि स्वयंपाकघरात मराठीची वचनं वेगळी पडतात. द्राक्षं आपल्याकडे अनेकवचनी, “ल’ऊवा” एकवचनी. नाशिकची द्राक्षं गोड असतात म्हणजे “ल’ऊवा दी नाशिक ए दोल्चे”. दोन किलो मागायची तर “दूए कीली दी ऊवा”, एक घड म्हणजे “ऊन ग्राप्पोलो”, एक मणी म्हणजे “ऊन आचिनो”. “ला फ्रुत्ता” म्हणजे खायची फळं एकत्रितपणे, आणि “ऊन फ्रुत्तो” म्हणजे त्यातलं एक. “ला लेन्या” म्हणजे सरपण, “इल लेन्यो” म्हणजे लाकूड हा पदार्थ. टेबल कधी लेन्याचं नसतं.

पास्त्याबाबत उलटं होतं. आपण “स्पॅगेटी झाली” म्हणतो. इटालियनमध्ये “ला पास्ता ए प्रोन्ता” पण “ल्यी स्पागेत्ती सोनो प्रोन्ती”, कारण ते शब्दशः अनेक दोरे आहेत. लासान्येसुद्धा “ले लासान्ये सोनो प्रोन्ते”.

दुकानाच्या पाट्यांवरचं “सी” हे रूपही याच नियमाने चालतं: “सी वेन्दे ऊवा” (द्राक्षं विकायला आहेत) पण “सी वेन्दोनो वोवा” (अंडी). खोल्या भाड्याने देणे म्हणून “आफ्फीत्तासी कामेरे” अशी एकवचनी पाटी इटलीत सगळीकडे लटकलेली दिसते. काटेकोर रूप “आफ्फीत्तान्सी कामेरे”. पाटी वाचून खोली घ्या, व्याकरण घेऊ नका.

ओ चं आ होणारी अनेकवचनं

लॅटिनमधलं नपुंसकलिंग इटालियनने सोडलं, पण त्याचं आ ने संपणारं अनेकवचन काही शब्दांत उरलं. हे शब्द एकवचनात पुल्लिंगी, अनेकवचनात स्त्रीलिंगी: इल ब्राच्चो ए रोत्तो, ले ब्राच्चा सोनो रोत्ते (हात मोडला, हात मोडले). ल’वोवो फ्रेस्को, ले वोवा फ्रेस्के. शेवटी आ दिसतो म्हणून विशेषणाला आ लावून “ले वोवा फ्रेस्का” लिहिणं ही ठरलेली चूक. उपपद “ले” आहे, म्हणून विशेषण ए वर जातं.

यातल्या काहींना दोन अनेकवचनं आहेत, आणि आ चं रूप समूहाचा अर्थ देतं. “ले ओस्सा” म्हणजे शरीरातली हाडं, सांगाडा. “ल्यी ओस्सी” म्हणजे कुत्र्यापुढे टाकलेली सुटी हाडकं. “ई मूरी” म्हणजे घराच्या भिंती. “ले मूरा” म्हणजे शहराचा तट, जसा लुक्का शहराभोवती आजही शाबूत आहे. “ले लेन्त्स्वोला” म्हणजे पलंगावर घालायची चादरींची जोडी, “ई लेन्त्स्वोली” म्हणजे सुट्या चादरी. “ले मेम्ब्रा” म्हणजे शरीराचे अवयव, “ई मेम्ब्री” म्हणजे समितीचे सदस्य. समितीबद्दल लिहिताना हे दोन उलटे करू नयेत.

अर्थ अनेक, रूप एक

“क्वाल्के” म्हणजे काही, पण त्यापुढचं नाम आणि क्रियापद एकवचनी: “क्वाल्के आमीको ए वेनूतो”, काही मित्र आले. तेच “आल्कूनी” वापरलं तर “आल्कूनी आमीची सोनो वेनूती”. “ओन्यी” (प्रत्येक) आणि “नेस्सूनो” (कोणीही नाही) एकवचनीच.

स्त्री-पुरुष मिश्र असतील तर मराठी नपुंसकलिंगाकडे जाते: मुलगा आणि मुलगी आली. इटालियनमध्ये पुल्लिंगी अनेकवचन: “मार्को ए आन्ना सोनो आर्रिवाती”.

आता एक उलटी रचना. “आहे” च्या पुढे अनेकवचनी नाम आलं तर क्रियापद मागच्या एकवचनी कर्त्याला सोडून पुढच्या शब्दाशी जुळतं: “इल प्रोब्लेमा सोनो ई सोल्दी”, अडचण पैशांची आहे. “ला स्क्वाद्रा स्यामो नोई”, संघ म्हणजे आपणच. इथे “ए” लिहिणं चूक.

पुढच्या वाक्यात गेलं की समूहाची पकड ढिली होते. “ला फामील्या ए पार्तीता. तोर्नेरान्नो दोमेनिका.” कुटुंब गेलं, रविवारी परततील. पूर्णविरामानंतरचं हे अनेकवचन कोणाला खटकत नाही. मालकी मात्र त्याच वाक्यात असेल तर “सूओ” (त्याचा; अनेकवचन “स्वोई”) चीच: “ला स्क्वाद्रा ए ई स्वोई तिफोसी”, संघ आणि त्याचे समर्थक. “लोरो” (त्यांचा) तेव्हाच, जेव्हा मालक “ई जोकातोरी” (खेळाडू) असा अनेकवचनी शब्द असेल.

एक परिच्छेद दुरुस्त करून बघा

खालची वाक्यं वहीत उतरवा, दुरुस्त करा आणि मग पुढे वाचा.

“ला जेन्ते देल म्यो पालात्सो सोनो जेन्तीली. येरी ऊना वेन्तीना दी विचीनी ए वेनूती आ चेना. ला मीआ फामील्या आन्नो कुचिनातो. ल्यी स्पागेत्ती एरा प्रोन्तो आल्ले ओत्तो. क्वाल्के आमीची आन्नो पोर्तातो इल वीनो. ले ऊवा एरानो ब्वोने. ले वोवा एरानो फ्रेस्का.”

पहिल्यात “ए जेन्तीले” हवं; विशेषणही एकवचनात न्यायला विसरू नका. दुसऱ्यात दोन उत्तरं आहेत, “ए वेनूता” किंवा “सोनो वेनूती”, कारण वेन्तीना हे माप आहे. मूळ वाक्यात सहायक एका बाजूला आणि कृदंत दुसऱ्या बाजूला गेलं होतं. तिसऱ्यात “आ कुचिनातो”. कृदंताला हात लावायचा नाही, ते आवेरेबरोबर आहे आणि आधी सर्वनाम आलेलं नाही. चौथ्यात “एरानो प्रोन्ती”. पाचव्यात एक बदल पुरत नाही, नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात: “क्वाल्के आमीको आ पोर्तातो इल वीनो”. सहाव्यात “ल’ऊवा एरा ब्वोना”. सातव्यात क्रियापद बरोबर आहे, फक्त विशेषण “फ्रेस्के” करा.